बाळाचा पहिला घास आणि मुंबई शहर

इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वभावतःच दरबाराकडे व रणांगणाकडे वळते. कोणता किल्ला कोणत्या तिथीस सर झाला हे निश्चित करण्यासाठी विद्वानांच्या दोन-दोन पिढ्या खर्ची पडतात. परंतु त्याच काळी माजघरात सहा महिन्यांच्या अर्भकाच्या मुखी पहिल्याने काय पडले, ते कोणत्या भांड्यात तापले आणि त्याने ते अर्भक वाढीस लागले की दगावले, हे टिपून ठेवण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः कोणत्याही समाजाचे अर्धेअधिक मरण एके काळी या दोन-तीन वर्षांच्या वाटेवरच घडत असे. तेव्हा बाळाच्या पहिल्या अन्नाचा इतिहास हा बायकांच्या गप्पांचा विषय समजून बाजूस सारणे हे इतिहासाच्याच दृष्टीने अडाणीपणाचे होय. या लेखात आम्ही तो इतिहास मुंबई शहरापुरता, आणि त्यातही गिरगाव, परळ, लालबाग व दादर या आपल्या परिचयाच्या वस्त्यांपुरता, पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम जुन्या शास्त्राकडे वळू. बाळाच्या उष्टावणाचा संस्कार आपल्याकडे फार प्राचीन आहे. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात बालकास हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. काश्यपसंहिता याहून सावध आहे: तिच्या मते सहाव्या महिन्यात फळाचा रस चालेल, धान्य मात्र दहाव्या महिन्याच्या सुमारास. आपल्या घरांतून मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची चाल आहे, ती याच परंपरेतली. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीस वरचे अन्न, असा ठराव केला, तेव्हा आपल्यातील पुष्कळांस आपल्या पूर्वजांविषयी धन्यता वाटली. ती वाटण्यास आमची हरकत नाही. मात्र सूत्रकारांनी महिना सांगितला, भांडे सांगितले नाही. अन्न सांगितले, त्यात मिसळणाऱ्या पाण्याविषयी व ते भरविणाऱ्या हाताला मिळणाऱ्या फुरसतीविषयी ते मौन पाळतात. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतील खिरीचे बोट चाटविले की संस्कार पुरा होतो. बाळाचे भवितव्य ठरते ते पुढील सहा महिन्यांत, जेव्हा पाहुणे निघून गेलेले असतात आणि चांदीची वाटी पुन्हा कपाटात जाऊन पडलेली असते.

आता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे चित्र पाहू. १९२१ साली या शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत मरणाऱ्या अर्भकांची संख्या सुमारे ६६६ इतकी होती. हा आकडा वाचून मन सुन्न होते, आणि म्हणूनच तो जसाच्या तसा घेणे योग्य नाही. गिरणीत काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. मूल जन्मास येई गावी, तेव्हा त्याच्या जन्माची नोंद मुंबईत होत नसे. पुढे आई त्यास घेऊन परत येई आणि ते दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या वहीत पडे. भाजक लहान आणि भाज्य मोठा झाल्यावर भागाकार फुगणारच. तथापि ही सवलत देऊनही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती कोणत्याही हिशेबाने पुसली जात नाही. त्याच वर्षीचे आकडे घराच्या खोल्यांप्रमाणे मांडलेले आहेत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकच पाऊस पडत असता, बिऱ्हाडाच्या भिंती जसजशा दूर सरकत तसतसा मृत्यूही दूर सरकत होता.

या मृत्यूंचे कारण विचारले असता त्या काळच्या सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असे: मातांचे अज्ञान. हे उत्तर सोयीचे होते, कारण त्यात दोष सांगणाऱ्याकडे कधीच येत नसे. परंतु त्याच सुमारास मुंबई सरकारने डॉक्टर फ्लॉरेन्स बार्न्स यांस गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास नेमिले, आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या प्रश्नावर वेगळाच प्रकाश पाडला. या स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ अर्भकांस अफू दिली जाते, असे त्यांस आढळून आले. बाळगोळी या लाडक्या नावाने ती विकली जाई. आई पहाटे भोंग्याबरोबर गिरणीत जाई ती तिन्हीसांजेस परते. मूल एखाद्या म्हातारीच्या किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असे. ते रडू नये, भुकेने कळवळू नये, म्हणून गोळी. अफूने मूल झोपते, त्याची भूक मंदावते, कोठा बद्ध होतो. ते ओढत नाही म्हणून आईचे दूध आटते. दूध आटले म्हणजे वरचे दूध आले, आणि वरच्या दुधाबरोबर हगवण आली. येथे अज्ञान कोठे होते? गोळी देणाऱ्या आईस ठाऊक होते की मूल भुकेले आहे. तिच्याजवळ नव्हता तो वेळ.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी पाकक्रिया सांगण्याऐवजी कायद्याची वाट धरिली. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिकाळी स्त्री-कामगारांस साहाय्य देण्याविषयी विधेयक आणिले. ते फेटाळले गेले. पुढे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात रा. सी. आसवले यांनी तशाच आशयाचे विधेयक मांडिले आणि डॉक्टर आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. मातेस प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि तिच्या श्रमांचा लाभ ज्यास होतो त्या मालकाने त्याचा भार उचलावा हे न्याय्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्या काळी डॉक्टर आंबेडकर परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत असत, आणि त्यांची चार अपत्ये बालपणीच निवर्तली होती; त्यांपैकी राजरत्न १९२६ साली. त्या भाषणामागे हे सारे होते, मात्र भाषणात त्याचा उच्चार नव्हता. १९२९ साली कायदा संमत झाला. काही आठवड्यांची रजा आणि रोजी आठ आणे, एवढाच त्याचा विस्तार; परंतु आपल्या देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय. बाळाच्या पहिल्या अन्नाच्या इतिहासात आम्ही या आठ आण्यांस कोणत्याही पौष्टिक पिठाच्या डब्यापेक्षा वरचे स्थान देतो, कारण या पैशांनी बाळास त्याची आई काही आठवडे परत मिळाली.

याच दशकात परळचा चेहराही पालटला. १९२६ साली केईएम रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, आणि १९२९ च्या अखेरीस मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. जवळच हाफकिन संस्थेत लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषीने १९२८ पासून मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेतला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे विलायतेत पावाला लावून खावयाच्या एका स्वस्त पदार्थाने, हा रोग बरा होतो असे तिने १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य ते पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि आज जगभर गर्भवतींस ते दिले जाते. बाळाचे पोषण त्याच्या जन्माच्या आधीच सुरू होते हे तत्त्व या शहरातील कष्टकरी स्त्रियांच्या रक्तावरून जगास समजले.

आतापर्यंत आम्ही परळ-लालबागकडे पाहिले. गिरगावातील मध्यमवर्गीय घराचे चित्र निराळे होते. तेथील आई घरी असे, अफूचा प्रश्न सहसा नसे. परंतु दूध पुरेना, किंवा पुरत नाही अशी समजूत झाली, की वरचे दूध कोठून आणावे ही अडचण उभी राही. शहरातील दूध येई ते तबेल्यांतून. मुंबईच्या दाट वस्तीत म्हशींचे गोठे होते आणि त्या दुधात पाणी किती, घाण किती व जंतू किती, हा प्रश्न इतका गंभीर होता की डॉक्टर लेम्युएल लूकस जोशी यांनी १९१६ साली हिंदुस्थानातील शहरांच्या दुधाच्या प्रश्नावर मुंबईच्या विशेष संदर्भाने एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. विहारचे पाणी शहरास १८६० साली मिळाले, तानसाचे १८९२ साली. नळाचे पाणी दुधापेक्षा अधिक विश्वसनीय होते, आणि ते दुधातच मिसळले जात असल्यामुळे गवळ्याच्या अप्रामाणिकपणाने क्वचित दुधाची शुद्धी वाढत असेल, असा विनोद करण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु गवळी नेहमी नळाचेच पाणी घालील याची हमी कोण देणार?

अशा परिस्थितीत विलायती डबा गिरगावात आला. यूरोपात या डब्यांची परंपरा जुनी. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ साली मातेच्या दुधास पर्यायी अन्नाची कृती प्रसिद्ध केली; १८६७ साली स्वित्झर्लंडातील व्हवे या गावी हेन्री नेस्ले याने दूध, गव्हाचे पीठ व साखर यांचे चूर्ण विकण्यास आरंभ केला; हॉर्लिक बंधूंनी अमेरिकेत १८७३ साली माल्टयुक्त अन्नाचा कारखाना काढला. न्यूझीलंडात तयार होणारी ग्लॅक्सो ही दुधाची भुकटी मुंबईत विकण्यासाठी १९२४ साली एच. जे. फॉस्टर आणि कंपनी स्थापन झाली. पुढे तिचेच रूपांतर औषधांच्या मोठ्या कारखान्यात झाले आणि वरळीचा तो परिसर त्या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी घरांत गुटगुटीत, गोऱ्या, गालांवर वळ्या पडलेल्या मुलास ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची रीत पडली, ती कित्येक पिढ्या टिकली. एका व्यापारी नावाने बाळसे या जुन्या शब्दाची जागा घ्यावी, यावरून त्या डब्याचा प्रभाव लक्षात येतो.

या डब्याचा धिक्कार करणे आज सोपे आहे. आम्ही तो करीत नाही. तबेल्याच्या दुधापुढे भुकटीचा डबा हे पुष्कळ घरांना खरोखरीच सुरक्षित साधन होते, आणि ज्या अर्भकांची आई बाळंतपणात गेली त्यांपैकी काहींचे प्राण त्यानेच वाचविले असतील. दोष उत्पन्न झाला तो डबा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना. ज्या घरी उकळलेले पाणी, जळण, बाटली घासण्यास वेळ आणि दर आठवड्यास नवा डबा आणण्यास पैसे होते, त्या घरी तो निभावला. ज्या घरी यांपैकी एकाचाही तुटवडा होता, तेथे डबा पुरवून वापरण्याकडे कल होणे साहजिकच. एका चमच्याच्या जागी अर्धा पडला, पाणी कोमट केले पण उकळले नाही, आणि बाळ पांढऱ्या पाण्यावर जगू लागले. सिसिली विल्यम्स या विदुषी डॉक्टरने १९३९ साली सिंगापुरात भाषण करून अशा दूधविक्रीस मनुष्यवधाचीच उपमा दिली. तिच्या म्हणण्याकडे जगाने लक्ष देण्यास पस्तीस-चाळीस वर्षे लागली. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या अन्नाच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता मान्य केली. आपल्या देशात त्याविषयीचा कायदा १९९२ साली झाला, आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात येऊन दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या अन्नाच्या जाहिरातींस बंदी झाली. डब्यावरून गुबगुबीत बाळाचे चित्र नाहीसे झाले ते या कायद्यामुळे.

दरम्यान दुधाचा प्रश्नही सुटत गेला. १९४५ साली मुंबई सरकारच्या दूधयोजनेखाली आणंदहून दूध येऊ लागले. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपला सहकारी संघ स्थापिला. १९४९ पासून दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली आरे येथे वसाहत उभी राहून शहरातील म्हशी तिकडे नेण्यात आल्या. पुढे म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेत म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची कृती सिद्ध झाली आणि आणंदचा देशी डबा परदेशी डब्याच्या शेजारी येऊन बसला.

येथवरच्या हकीकतीत सुशिक्षित मध्यमवर्ग हा बहुतांशी प्रेक्षक किंवा उपदेशक म्हणून दिसतो. आता त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरणे भाग आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगावे, यकृत दगडासारखे कठीण व्हावे, कावीळ व्हावी आणि काही महिन्यांत मूल जावे. एक गेले की पाठचेही त्याच वाटेने जावे. असा एक रोग आपल्याकडे होता. ‘मुलाला लिव्हर झाले’ हे शब्द आजीच्या पिढीतील कोणीही उच्चारले की सारे घर गप्प होत असे. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉक्टर सेन यांनी त्याचे वर्णन केले. त्याचे एक वैशिष्ट्य असे की तो फारसा जगात इतरत्र आढळत नसे, आणि आपल्याकडेही अत्यंत दरिद्री घरांपेक्षा खाऊनपिऊन सुखी अशा घरांत अधिक आढळे. कोणी त्यास आनुवंशिक म्हटले, कोणी अपथ्याचा परिणाम, कोणी दृष्ट. मातेच्या दुधातच दोष आहे अशी शंका घेऊन बाळाचे अंगावरचे दूध तोडल्याचीही उदाहरणे घडली.

१९७० नंतरच्या दशकात या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे प्रमाण अतोनात असल्याचे दिसून आले. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर शीला भावे व डॉक्टर आनंद पंडित यांनी इंग्लंडातील डॉक्टर टॅनर यांच्यासह घरोघरचा इतिहास विचारला: मूल किती महिन्यांचे असता वरचे दूध सुरू झाले, आणि ते कोणत्या भांड्यात तापवीत असा? १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोगी मुलांना फार लवकर, अगदी पहिल्या काही महिन्यांतच, गाईम्हशीचे दूध सुरू झालेले असे आणि ते पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे व जस्त. दुधातील प्रथिने त्या तांब्यास धरून ठेवतात आणि दुधाबरोबर ते बाळाच्या पोटात जाते. मोठ्या माणसाचे यकृत नको असलेले तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. चार महिन्यांच्या बाळाच्या यकृतास ते काम पुरतेपणी साधत नाही.

या शोधातील मर्म मराठी गृहिणीस एका शब्दात समजेल. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, हे तिला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. म्हणूनच गल्लीत कल्हईवाल्याची आरोळी आली की पातेली बाहेर निघत. दूध मात्र कळकत नाही. त्याची चव पालटत नाही, रंग पालटत नाही. आंबट तेवढे घातक, गोडे तेवढे निर्धोक, असा जिभेने दिलेला निर्णय सर्वांनी मान्य केला, आणि नेमके जे भांडे आंबटासाठी वर्ज्य होते त्यात बाळाचे दूध निःशंकपणे तापत राहिले. ज्ञान होते, ते एका भांड्याच्या अंतरावर येऊन थांबले होते. शिवाय ते पितळ घासूनपुसून लखलखीत, सोवळ्यातले, मुलीला माहेरहून मिळालेले. त्याच्यावर संशय घेणार कोण? गरिबाच्या घरी पितळी पातेले नव्हते आणि वरचे दूधही नव्हते, म्हणून या एका संकटातून त्याचे मूल बहुधा सुटले.

हा योगायोग असेल अशी शंका कोणी घेईल, तर तिचे उत्तर आल्प्स पर्वतात मिळाले. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील काही खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच रोगाने दगावली होती. १९९६ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले की त्या घरांत बाळांसाठी गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात तापविण्याची चाल होती. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. प्रत्येक घरी तीच भांडी असूनही प्रत्येक मूल आजारी पडले नाही, तेव्हा जन्मजात कमकुवतपणाचाही त्यात काही भाग असावा, असे तज्ज्ञ म्हणतात. आणि तो विचार ग्राह्य आहे. परंतु बी आणि पाणी यांपैकी पाणी तोडणे आपल्या हाती असते. आपल्याकडेही स्टीलची भांडी आली, डॉक्टरांनी पितळ टाळण्यास सांगितले, आणि आजच्या तरुण मातेने या रोगाचे नावही ऐकलेले नसते. आज तांब्यापितळेच्या भांड्यांस पुन्हा प्रतिष्ठा येत आहे, म्हणून हा इतिहास मुद्दाम सांगावासा वाटला. ती भांडी दिवाणखान्यात शोभतील. बाळाचे दूध त्यांत तापवू नये.

मग भरवावे तरी काय? हा प्रश्न आम्ही शेवटी घेतला, याचे कारण आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. याचे उत्तर आपल्या घरात आहेच. कोकणातील नाचणीचे सत्त्व घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३४० मिलिग्रॅम असते. तांदळात दहाच्या आसपास. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची जी रीत आहे तिच्यात एक खुबी आहे. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते व ते पिठातील पिष्टाचे विघटन करिते. त्यामुळे पेज पातळ राहूनही तिच्यात पीठ अधिक मावते. बाळाचे पोट मुठीएवढे. थोड्या घासांत पुष्कळ सत्त्व जावयाचे तर हीच युक्ती हवी. बडोद्याच्या डॉक्टर तारा गोपालदास यांनी १९८० नंतर यावर प्रयोग करून मोडाचे चिमूटभर पीठ कोणत्याही लापशीत घातले असता ती कशी सैल होते हे सिद्ध केले. याउलट वरणाचे नुसते वरचे पाणी बाळास पाजण्याची आपली सवय निरुपयोगी आहे. त्यात मीठपाणी जाते आणि डाळ पातेल्यातच राहते. मऊ भात, मुगाचे घट्ट वरण, वर तुपाची धार, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा किंवा भोपळा, ज्यांच्या घरी चालते त्यांनी पुरते उकडलेले अंडे. आणि सहा महिन्यांनंतर बाळाचा लोहाचा साठा सरत येतो म्हणून डाळी, पालेभाज्या व अंडी यांवर विशेष भर. मीठ-साखर वर्षभर नसली तरी बाळाचे काही अडत नाही. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा लहान मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

मधाविषयी दोन शब्द. जन्मतःच मध चाटविण्याची आपली रूढी पवित्र मानली जाते. परंतु १९७६ साली कॅलिफोर्नियात अर्भकांच्या एका लुळेपणाच्या विकाराचा शोध लागला, आणि मधातून येणारे एका जंतूचे बीज हे त्याचे एक कारण असल्याचे ठरले. मोठ्यांच्या आतड्यात ते बीज रुजत नाही. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजू शकते. पितळेच्या भांड्याची जी गोष्ट तीच येथेही: वस्तू उत्तम, वय चुकीचे.

या शहराने या विषयात नुसतेच मृत्यू मोजले असे नाही. शिवछत्रपतींच्या घरी १६५७ साली शंभूराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती क्षीण असल्यामुळे कापूरहोळच्या धाराऊने बाळास आपले दूध पाजले, ही हकीकत मराठी मुलांस ठाऊक असते. दूधआईची ती संस्था पुढे लोपली. ज्या बाळाची आई आजारी किंवा मृत, त्यास डब्याखेरीज आधार उरला नाही. दादरपलीकडे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी पाहिले की अपुऱ्या दिवसांची बाळे वरच्या दुधाने येणाऱ्या जंतुसंसर्गास बळी पडतात. त्यांनी १९८९ साली तेथे मातृदुग्धपेढी स्थापिली. आशिया खंडातील ती पहिली. ज्या मातांस दूध अधिक येते त्या ते देतात, ते तापवून निर्जंतुक करून गोठवितात आणि ज्यास आईचे मिळत नाही त्यास पाजतात. महापालिकेच्या या रुग्णालयात धारावी व आसपासच्या वस्त्यांतील स्त्रिया बाळंतपणास येतात, तेव्हा हे दूध देणाऱ्यांत त्या गरीब मातांचा भरणा मोठा, हे ओघानेच आले. ज्यांच्या अज्ञानाविषयी एके काळी अहवाल लिहिले जात, त्यांच्याच वर्गातील स्त्रिया आता अनोळखी बाळांच्या धाराऊ झाल्या आहेत.

लालबागचे भोंगे आता थांबले आहेत आणि गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींतील सुशिक्षित माताही सकाळी बाळास दुसऱ्याच्या हाती सोपवून कचेरीस जातात. प्रसूतीच्या रजेची मुदत २०१७ सालच्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली, ती १९२९ च्या आठ आण्यांची नात होय. मात्र तिचा लाभ ज्यांस नियमित नोकरी आहे त्यांसच पुरतेपणी मिळतो. घरोघर भांडी घासणाऱ्या बाईस तो कायदा ठाऊकही नसतो, आणि तिचे तान्हे अद्याप मोठ्या बहिणीच्याच कडेवर असते. आपल्या बाळासाठी नाचणी निवडताना, पातेले पारखताना व पाणी उकळताना आपण जेवढे जागरूक असतो, तेवढेच तिच्या रजेविषयी व तिच्या बाळाविषयी असावे. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईला बाळंतपणात किती दिवसांचा पगार द्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येक घराने आजच्या आज सोडविण्याजोगा आहे, आणि त्यास कोणत्याही विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.